‘तुमचे मिस्टर असेच आहेत का हो?’

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ३१. लग्नाला चार वर्षं झाली, रीतसर बघून-सवरून. पाथर्डी फाट्याला टू बीएचकेत आम्ही दोघं आणि सासूबाई राहतो. मी एका पतसंस्थेत कॅशवर बसते. हे अंबडला एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. स्वभावानं चांगले आहेत. व्यसन नाही, पगार घरात देतात, मला किंवा आईंना कधी टाकून बोललेले नाहीत. तक्रार करावी असं काही नाहीच, त्यामुळे कुणाला काही सांगताही येत नाही.

यांची सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेअकरा होतात. तोवर मी मोबाईलवर गोष्टी वाचायचे. एका ॲपवर मराठी प्रेमकथा येतात, रोज एक भाग. पुढे कोरियन मालिकांचा नाद लागला. दीड वर्षापूर्वी मी स्वतःच लिहायला लागले, टोपणनावानं. माझ्या कथेचे साठच्या वर भाग झालेत. नायकाचं नाव विहान, नाशिकचाच, आर्किटेक्ट, गंगापूर रोडला ऑफिस. नायिका दमून आली की तो तिच्या हातातली पर्स घेतो आणि म्हणतो, ‘आज काय झालं ते पहिल्यापासून सांग.’ आणि खरंच ऐकतो. माझ्या वाचकांना हेच फार आवडतं.

मागच्या महिन्यात एकीनं कमेंट केली, ‘इतकं बारीक लिहिता, तुमचे मिस्टर असेच आहेत का हो?’ मी उत्तर दिलं, ‘हो, अगदी.’ त्यावर ढीगभर हार्ट आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात माझा वाढदिवस होता. यांनी सकाळीच माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकली, नवी बॅटरी बसवून आणली आणि संध्याकाळी म्हणाले, ‘बाहेर जेवायला जायचं का?’ मी ‘कशाला’ म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नणंदबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, तो गाडीची काळजी घेतो म्हणजे तुझीच काळजी घेतो ना? आधी त्या गोष्टी वाचणं बंद कर. डोकं फिरलंय तुझं.’

आमचं प्री-वेडिंग शूट झालं होतं, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आणि एका द्राक्षबागेत. त्या व्हिडिओत हे माझ्याकडे जसे बघतात, तसे पुन्हा कधी बघितले नाहीत. तेव्हाही फोटोग्राफर सांगत होता म्हणून बघत होते, हे मला कळतं. तरी मी तो व्हिडिओ अजून बघते.

माझ्या लिखाणाचं यांना अर्धवट माहीत आहे. एकदा जेवताना ‘तुझ्या त्या गोष्टीत सध्या काय चाललंय?’ असं विचारलंही होतं. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, ‘काही नाही, टाईमपास.’

ताई, हे वाचणं-लिहिणं सोडून द्यावं का? माझं लग्न खोटं आहे की माझ्या गोष्टी खोट्या आहेत?

– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रीण,

त्या ‘हो, अगदी’चं आधी बघू, म्हणजे ते वाटेतून दूर होईल. एका अनोळखी बाईनं सगळ्यांदेखत तुझ्या नवऱ्याबद्दल विचारलं आणि तू झाकली मूठ झाकलेलीच ठेवलीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यापेक्षा मोठ्या थापा मारतात आणि तिळगूळ घेऊन घरी जातात. तुझ्या उत्तरानं कुणाचं काही गेलं नाही. झोप उडाली ती खोटं बोललीस म्हणून नसावी. ते दोन शब्द टाइप करताना ते खरे असावेत असं तुला फार वाटलं आणि किती वाटतंय हे तुझं तुलाच पहिल्यांदा दिसलं. मला तरी पत्र वाचून असंच वाटलं.

आता नणंदबाई. त्यांनी एका दमात दोन सल्ले दिलेत आणि दोन्ही मला पटलेले नाहीत.

वाचून डोकं फिरतं, ही भीती फार जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तर तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि ही कादंबरी अश्लील नाही, असा निकाल लागायला १९६९ उजाडलं. वाचणाऱ्यांचं काय होईल, या काळजीत कोर्टाची सात वर्षं गेली. वाचणाऱ्या मात्र तेव्हाही दुपारची कामं आवरून लायब्ररीचं पुस्तक उघडत होत्या आणि चहाच्या वेळेला मिटून ठेवत होत्या. आपल्या नाशकातलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. त्याच्या कादंबऱ्यांच्या कपाटापुढे बायकांच्या किती पिढ्या उभ्या राहिल्या असतील! कादंबऱ्यांपायी संसार मोडला असं एकही घर माझ्या ऐकिवात नाही. मोडले ते दारूपायी, पैशांपायी, मारहाणीपायी.

त्याहून जुनी एक गोष्ट सांगते, कारण ती थेट तुझ्या प्रश्नाची आहे. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६८ साली आली. असलं अद्भुत का लिहावं लागतं, याचं कारण त्यांनी प्रस्तावनेत सरळ देऊन टाकलंय. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि आणखीही काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात गोष्ट रंगावी असं काही सापडतच नाही. रोजच्या अनुभवातलं लिहिलं तर त्यात कुणाचं मन रमणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळायचं. तेव्हा मुलींची लग्नं परकर नेसायच्या वयात होत होती, हे लक्षात घे. म्हणजे मराठीत रंजक कादंबरी आली तीच मुळी घरात काय सापडत नाही हे ओळखून. तू साडेअकराची वाट बघत मोबाईलवर जे करतेस, त्याला दीडशे वर्षांची परंपरा आहे. तुझं डोकं ठिकाणावर आहे.

दुसरा सल्ला असा, की गाडीची काळजी म्हणजेच तुझी काळजी. हे आपल्याकडे इतक्यांदा सांगितलं जातं, की ते शहाणपणाचं वाटायला लागलंय. ‘तो बोलत नाही, पण बघ, करतो किती!’ नवरा करतो हे खरंच आहे. वाढदिवसाच्या सकाळी सर्व्हिस सेंटरच्या रांगेत उभं राहणं ही काही फुकटची गोष्ट नाही. पण तहानलेल्याला कुणी मनापासून गरम पोळी वाढली, तर वाढणाऱ्याचा जीव खरा असतो आणि तहानही तितकीच खरी असते. पोळीलाच पाणी मानून घे, असं कुणी सांगू नये. बायकांना जन्मभर हे मानून घ्यायला शिकवतात आणि मग चाळिशीनंतर ‘ही अशी चिडचिडी का झाली’ म्हणून विचारतात. बॅटरीबद्दल त्याचे आभार मान, मनापासून मान. पण तुला हवं होतं ते मिळालं, असं स्वतःला पटवत बसू नकोस.

मग नेमकं काय हवं होतं? इथे तुझ्या गोष्टी कामाला येतात. विहानचं गंगापूर रोडचं ऑफिस, त्याची गाडी, त्याचे लिननचे शर्ट (आहेत ना? असणारच) हे सगळं बाजूला काढ. साठ भागांत वाचकांना काय आवडलं, हे तूच लिहिलंयस. तो पर्स घेतो आणि विचारतो. बस. तुला आर्किटेक्ट नको आहे, कोरियन तर नकोच आहे. दिवसभर लोकांच्या नोटा मोजून घरी आल्यावर आपल्याला कुणी ‘आज काय झालं’ असं विचारावं, एवढंच तुझं मागणं आहे. आणि ते अजिबात अवास्तव नाही.

गोष्टीत दुसराही एक माल असतो, तो मात्र घरात आणला की घोटाळा होतो. तू स्वतः लिहितेस म्हणून तुला हे चटकन कळेल. विहान बरोबर वेळी बरोबर प्रश्न विचारतो, कारण तिच्या मनात काय चाललंय हे त्याला ठाऊक असतं. ते ठाऊक असतं, कारण दोघांचीही मनं तूच लिहितेस. म्हणून तुझ्या नायिकेला कधी मागावं लागत नाही. घरी मात्र तुझ्या मनाचे भाग लिहिणारी तू आणि त्याच्या मनाचे लिहिणारा तो. मागचे भाग कुणीच कुणाला वाचायला दिलेले नाहीत. रॉय आयडेलसन आणि नॉर्मन एपस्टाईन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली नात्यांना नडणाऱ्या समजुती मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात पाच समजुती आहेत. त्यातली एक म्हणजे जोडीदारानं न सांगता मनातलं ओळखायलाच हवं. ही समजूत जितकी घट्ट, तितकं लग्नातलं समाधान कमी, असं त्यांना आढळलं. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती म्हणा. ‘त्याला समजायला नको का?’ हे वाक्य इंदिरानगरच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी ऐकू येतं.

शिवाय गैरसमजाचं बघ. रोज एक भाग टाकायचा तर प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी अडायला हवं. दोघं समोरासमोर बसून सरळ बोलले तर तुझी कथा बाराव्या भागात आटोपेल. म्हणून तो काहीतरी लपवतो, ती काहीतरी ऐकते, कुणीतरी फोन उचलत नाही. कोरियन मालिकेला बहुधा सोळा भाग असतात, तेवढ्यात मिटवावंच लागतं. आपल्या टीव्हीवरच्या मालिकांना तेही बंधन नाही. एका वाक्यात सुटला असता असा गुंता तू किती भाग ताणलास, आठवून बघ. वाचताना त्याचीच तर मजा येते. वाचकाला दोघांचं माहीत असतं, म्हणून तो हळहळतो, ‘अगं, त्याला सांग ना!’ वाढदिवसाच्या दिवशी तू बाथरूममध्ये रडलीस, तेव्हा बाहेर हॉलमध्ये ‘अरे, जाऊन विचार ना तिला’ म्हणणारा वाचक कुणी नव्हता. तिथे तो होता आणि त्याला ‘कशाला’ एवढंच ऐकू आलं होतं.

प्री-वेडिंग व्हिडिओबद्दल तू लाजून लिहिलंयस. लाजू नकोस. सीझनमध्ये बॅकवॉटरला कुठल्याही रविवारी सकाळी गेलीस तर घेरदार गाऊन सावरणाऱ्या मुली आणि नवे बूट चिखलातून वाचवणारे मुलगे दिसतील, वर ड्रोन, आणि कुणीतरी ओरडत असतो, ‘दादा, वहिनीकडे बघा, कॅमेऱ्याकडे नाही!’ लग्नाआधी ओळख धड दोन-चार भेटींची आणि त्या ओळखीचा सिनेमा मात्र तयार. ही रीत मला फारशी आवडत नाही. लग्न सुरू व्हायच्या आधीच त्याची तुलना कशाशी करायची, ते घरात आणून ठेवल्यासारखं होतं. पण तुझ्या व्हिडिओत मला एक कामाची गोष्ट दिसते. तुझा नवरा तसा बघू शकला. उसनं नव्हे, त्याचेच डोळे होते ते. फोटोग्राफरनं फक्त एक केलं, जे तू चार वर्षांत केलेलं दिसत नाही. त्यानं सांगितलं. कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, किती वेळ. लाईन सुपरवायझर माणूस आहे, नीट सूचना मिळाली की काम चोख करतो!

आता ते वाक्य, जे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहून टाकलंस. ‘तुझ्या त्या गोष्टीत सध्या काय चाललंय?’

विहान म्हणतो, ‘आज काय झालं ते पहिल्यापासून सांग.’ तुझा नवरा जेवताना जे म्हणाला ते याच्यापेक्षा कितीसं वेगळं आहे? पार्श्वसंगीत नव्हतं, तोंडात घास होता, बहुधा नजर ताटाकडे होती. पण विचारलं. न सांगता विचारलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्यातले असे क्षण मोजले होते. एकानं हळूच केलेलं आवाहन, ‘हे बघ ना’, ‘काय चाललंय’, आणि त्यावर दुसऱ्यानं त्याच्याकडे वळणं किंवा न वळणं. सहा वर्षांनी पाहिलं, तर एकत्र राहिलेली जोडपी अशा ८६ टक्के वेळा एकमेकांकडे वळलेली होती आणि वेगळी झालेली ३३ टक्के वेळा. या आकड्यांवरून तू स्वतःच्या लग्नाचं भविष्य काढत बसू नकोस. संशोधक जोडप्यांचे घसघशीत आकडे सांगायला लागले की मी जरा सावधच होते. पण ते बघत कुठे होते, ते महत्त्वाचं. गुलाबाच्या पाकळ्यांकडे नाही, जेवणाच्या टेबलाकडे.

तू मोबाईल पालथा का घातलास, हे कळतं. त्यात विहान होता. नवऱ्यानं वाचलं तर त्याला आपण कशाशी तोलतोय ते दिसेल, ही भीती. उलट त्याला काहीच वाटणार नाही, ही दुसरी भीती, आणि ती जास्त वाईट. म्हणून तुला दोष देत नाही. पण चार वर्षांत तुझ्या वाट्याला काहीच आलं नाही, असा जो हिशेब तू मांडून बसली आहेस त्यात ही एक जमा राहून गेलीय. ‘बाहेर जेवायला जायचं का?’ ही दुसरी. कॅशवर बसणाऱ्या बाईनं निदान जमेच्या बाजूला सगळं लिहावं.

त्याच्या वाट्याचंही सांगते, नाहीतर तुला वाटेल ताईनं सगळं माझ्याच गळ्यात घातलं. ‘टाईमपास’ ऐकून त्यानं पुन्हा विचारायला हवं होतं. बायको वाढदिवसाला ‘कशाला’ म्हणाली आणि पंधरा मिनिटं बाथरूमबाहेर आली नाही, तर दार वाजवायला हवं होतं. ‘मी शांत स्वभावाचा आहे’ हे काही कायमचं रजेचं पत्र नव्हे. तेव्हा हे त्याला सांगावं लागणार आहे आणि तूच सांगणार आहेस.

कधी? सेकंड शिफ्टहून आल्यावर तर नाहीच. रात्री साडेअकराला आठ तास मशीनच्या आवाजात उभा राहिलेला माणूस तुझं काहीही ऐकू शकणार नाही, विहाननंसुद्धा ऐकलं नसतं. विहान नाईट करत नाही, हा त्याचा खरा फायदा. फर्स्ट शिफ्टचा आठवडा धर. संध्याकाळी आईंना सांगून दोघं बाहेर पडा. सोमेश्वरला जा, गोदाकाठी जा, नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर जा. तू आईंसमोर त्याला ‘अहो’ म्हणत असशील आणि खोलीत ‘अरे’, तर जिथे ‘अरे’ म्हणता येईल अशी जागा हवी, एवढंच. आणि सुरुवात ‘तू कधी माझ्याकडे बघतच नाहीस’नं करू नकोस. त्याला यातून काय करायचं ते कळणार नाही, फक्त आपण नापास झालो एवढं कळेल. मागणं नेमकं असू दे. ‘मी घरी आले की मला दहा मिनिटं विचारत जा, आज काय झालं. उपाय सांगू नकोस, मॅनेजरला काय बोलायचं ते शिकवू नकोस. नुसतं ऐक.’ उपायाचं आधीच सांगून ठेव. जो माणूस दिवसभर बंद पडलेली लाईन चालू करतो, तो तुझ्या कॅशमधल्या तुटीचीही लाईन चालू करायला जाणार.

मागून मिळालं तर त्याची काय किंमत, असं तुझ्या मनात येईल. गोष्टींनी केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं. पहिल्या महिन्यात तो आठवण ठेवून विचारेल, कदाचित शाळेत पाठ म्हटल्यासारखा. विचारू दे. तू पहिला भाग लिहिलास तेव्हा तोही असाच अवघडलेला होता, काढून वाच.

हो, आणि वाचशीलच तर एक तपासून बघ. तुझी नायिका विहानला कधी विचारते का, ‘तुझं आज काय झालं?’ या प्रकारातल्या गोष्टी मीही वाचते आणि तिथे नायक सहसा दमत नाहीत. ते रागावतात, हळवे होतात, पावसात भिजतात, पण दमत नाहीत. कुठल्याही नायकाला कधी रिजेक्शन वाढलं म्हणून वरिष्ठांची बोलणी खावी लागलेली नाहीत. तुझ्या पत्रात नवऱ्याच्या कामाबद्दल ‘शिफ्ट बदलते’ एवढंच आहे. लाईनवर काय बनतं, त्याला कशाचा त्रास होतो, त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत, तुला माहीत असेलही. पण विचारलंस शेवटचं कधी?

विहानसारखे नायक निरुपद्रवी असतात. बाकीच्या नायकांबद्दल मात्र दोन शब्द बोलायला हवेत, कारण तू आता नुसती वाचक नाहीस. बऱ्याच प्रेमकथांत नायक तिच्या मागे मागे फिरतो, नको म्हटलं तरी घराखाली उभा राहतो, तिचा मोबाईल तपासतो, तिनं कुणाशी बोलायचं ते ठरवतो आणि हे सगळं ‘किती जीव आहे त्याचा’ म्हणून खपवलं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्पष्ट नकार देऊनही बाईचा वारंवार पाठलाग करणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळेस तीन वर्षांपर्यंत कैद. तुझ्या वाचकांत कॉलेज रोडवर शिकणाऱ्या पोरी असतील. पुढेमागे असला नायक लिहायचा मोह झाला, तर त्याला खलनायक कर.

वाचणं-लिहिणं सोडू नकोस. उलट एकटीनं बघायचं ते थोडं दोघांत बघ. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १७४ नवविवाहित जोडप्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना नातं सांभाळायची रीतसर शिबिरं दिली. काहींना महिन्याभरात नवरा-बायकोच्या गोष्टी असलेले पाच चित्रपट दाखवले आणि प्रत्येक चित्रपटानंतर ठरावीक प्रश्नांवर आपसात बोलायला लावलं. काहींना काहीच दिलं नाही. तीन वर्षांनी काहीच न मिळालेल्यांत फारकतीचं प्रमाण २४ टक्के निघालं, बाकीच्यांत ११. चित्रपटवाले शिबिरवाल्यांच्या तोडीस तोड निघाले. कमाल अर्थात चित्रपटांची नसावी. पडद्यावरच्या नवऱ्याबद्दल बोलता बोलता स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलता येतं, भांडण न होता. ‘इथे तिनं सांगायला हवं होतं, असं तुला वाटतं का?’ असं एखाद्या नायिकेबद्दल विचारून बघ. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तुझ्या कोरियन मालिकेचा एक भाग हिंदी डबिंगमध्ये लाव. पहिल्या वीस मिनिटांत घोरायला लागला तर वैतागू नकोस, वेळ बदल.

हे सगळं नीट सांगून, दोन-तीनदा सांगून, त्यानं हसण्यावारी नेलं किंवा ‘तुला कामं नाहीत का’ म्हणून टाळलं, तर ती गोष्ट वेगळी. मग दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचं आणि तो येत नसेल तर तू एकटीनं जायचं. तुझ्या पत्रावरून तो त्यातला वाटत नाही. पण मी त्याला पाहिलेलं नाही, आणि तुझ्या पत्रात तो फार थोडं बोलतो.

लग्न खोटं की गोष्टी खोट्या, असं तू विचारलंस. दोन्हींपैकी काही खोटं ठरवायची मला गरज दिसत नाही. विहान तुझ्याच डोक्यातून आलाय, म्हणजे चांगलं विचारणं आणि ऐकणं कसं असतं हे या घरात निदान एका माणसाला पक्कं माहीत आहे. ते दुसऱ्याला सांगायचं राहिलंय.

आणि कथा त्याला दाखवायची असेल, तर सगळे साठ भाग एकदम पुढ्यात टाकू नकोस. सध्या अडलेला एखादा भाग वाचून दाखव आणि पुढे काय करू ते विचार. तो बहुधा पहिला प्रश्न विचारेल, ‘हा माणूस कामाला कधी जातो?’ चांगला प्रश्न आहे, त्यातून तुझे चार भाग सहज निघतील. वाचताना तो खाली कमेंटपर्यंत जाईल, ‘हो, अगदी’ त्याला दिसेल. त्याआधी तूच सांगून टाक, हसत हसत सांगितलंस तरी चालेल. नणंदबाईंना मात्र टोपणनाव कळू देऊ नकोस.

– तुझी ताई